मुसफ्फातली चिरलेली भाजी

१५ फेब्रुवारी २००९, रविवार

नव्या कामाचा पहिला दिवस. नोकरी म्हणवत नाही, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे. आखातातही मंदी आली, हॉस्पिटलने डिसेंबरात डायटिशियनच्या तीन जागांची एक जागा केली आणि ती एक माझी नव्हती. अकरा वर्षं झाली होती तिथे. निरोपाला केकसुद्धा नाही, सगळेच घाबरलेले.

आता एका बँकेचा धर्मादाय निधी आहे, त्यांच्याकडे. मुसफ्फात, शहराबाहेरच्या औद्योगिक वस्तीत, कामगारांच्या कॅम्पांजवळ जी छोटी किराणा दुकानं आहेत, त्यांना अनुदान द्यायचं. काचेचा मोठा चिलर फुकट, आणि न खपलेल्या भाजी-फळांची भरपाई सहा महिने. बदल्यात दुकानदाराने ताजा माल ठेवायचा. मी दर आठवड्याला जाऊन बघायचं, कामगारांना चार गोष्टी सांगायच्या, रिपोर्ट लिहायचा. मॅनेजर राणिया लेबनीज आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाली, "विभावरी, आकडे आण आणि फोटो आण. बाकी मी बघते."

पगार निम्मा. सुरेश म्हणाला, "घे. घरी बसलीस तर भिंती खायला उठतील." नवऱ्याचं तरी ठीक चाललंय. रीम आयलंडवरचे तीन टॉवर अजून पुरे व्हायचेत, प्लॅनिंग इंजिनियरशिवाय ते काय आपोआप उभे राहणार?

९ मार्च, सोमवार

माझी ड्रायव्हिंग टेस्ट तिसऱ्यांदा गेली, त्यामुळे सुरेशने सुट्टी काढून सोडलं. दुकान कॅम्पच्या फाटकासमोरच. मालकाचं नाव जहूर परकार. मी हिंदीत सुरुवात केली, तर तो म्हणाला, "मॅडम, मराठीत बोला की. मी खेडचा."

दुकानात सार्डिनचे डबे, खुबूसच्या रोट्या, इन्स्टंट नूडल्स, अंडी, फोनची कार्डं, कांदे-बटाटे. टोमॅटो होते, पण मरगळलेले. भाजी का नाही ठेवत, असं विचारलं. "ठेवली तर सडते. फ्रीज नाय. फ्रीज आला तरी..." एवढं बोलून थांबला. मी म्हटलं, फ्रीज येतोय. तो "इन्शाल्ला" म्हणाला आणि चहा मागवला.

सुरेश गाडीतून उतरून आत आला. चिलर कुठल्या भिंतीला लावायचा, वायर कुठून न्यायची, यावर दोघं अर्धा तास बोलत बसले. मला फॉर्म भरून घ्यायचा होता.

१९ एप्रिल, रविवार

चिलर लागून तीन आठवडे झाले. दुधी, फरसबी, गवार, पालक, गाजर, सगळं काचेमागे चकचकतंय आणि तिथेच पिवळं पडतंय. संध्याकाळी बसेस येतात, माणसं उतरतात, चिलरसमोर दोन मिनिटं थंड हवेला उभी राहतात आणि कांदे घेऊन जातात.

मी पोस्टर करून घेतली. हिंदी, उर्दू, बंगाली आणि मल्याळममध्ये. ताटाचं चित्र, अर्ध्या ताटात भाजी. आज शटरिंगच्या कामावरचा एक जण भेटला, बाबाजी, सावंतवाडीकडचा, पन्नाशीचा असेल. त्याला फायबर समजावून सांगितलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्याने. "ताई, भाजी बेस आसा," म्हणाला, हसला, आणि दोन अंडी घेऊन गेला.

या लोकांना सवयच नाही. एका पिढीत होणारं काम नव्हे हे. रिपोर्टमध्ये "वर्तनबदलाला वेळ लागतो" असं लिहिलं.

मी पोळ्या लाटत असताना सुरेश ओट्याशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, एक मेपासून बिनपगारी रजा. अर्ध्या स्टाफला. किती दिवस, ते सांगितलेलं नाही. माझ्या हातातली पोळी लाटून झाली. पुढची घेतली.

७ मे, गुरुवार

सुरेश आठवडाभर सोफ्यावर. टीव्ही लावतो आणि आवाज बंद करतो. ईश्वरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, कॅन यू प्लीज टेल बाबा टू शेव्ह? माय फ्रेंड्स आर कमिंग." तिला रागावले. मग स्वतःच त्याला सांगितलं, तर तो मुकाट्याने उठून दाढी करून आला. तेच जास्त लागलं मला.

आता मला मुसफ्फाला तोच सोडतो. मी कॅम्पच्या सुपरवायझरकडे जाते तेवढा वेळ जहूरभाईंच्या दुकानात बसून राहतो. निदान घराबाहेर पडतो.

२४ मे, रविवार

भाजी खपायला लागली. खरंच खपायला लागली. जहूरभाईंनी वही दाखवली, दोन आठवड्यांत दुप्पट. पोस्टरचा परिणाम दिसायला महिना लागतो हे मी म्हणतच होते. राणियाला फोन केला, तिने "मबरूक" म्हणून अभिनंदन केलं आणि पोस्टरसमोर माणसं उभी असलेला फोटो मागितला. जहूरभाई म्हणत होते, "मॅडम, मी कायतरी नवीन करून बघतोय, तुमाला सांगायचं होतं." पण टॅक्सी थांबली होती. पुढच्या वेळी सांगा म्हटलं.

घरीही जरा बरं आहे. सुरेश रोज दोन वाजता गाडी घेऊन बाहेर पडतो आणि आठ-साडेआठला येतो, मला पुन्हा टॅक्सी. "एका ओळखीच्यांकडे बसतो," एवढंच सांगतो. मी खोदत नाही. मुलाखतीचं आधी बोललं की फिसकटतं. पण काहीतरी जमत असणार, कारण जेवतो नीट. अंगठ्याला पट्टी होती, बॉनेट लागलं म्हणाला. आज ताटातली भाजी बोटाने चाचपत म्हणाला, "गवार कोवळी नसली की शिरा काढण्यात निम्मा वेळ जातो." वीस वर्षांत या माणसाने गवारीकडे पाहिलं नव्हतं. मी आणि ईश्वरी कितीतरी वेळ हसत होतो.

सारसबागेतल्या गणपतीला मनातल्या मनात नारळ बोलले. ऑफर लेटर येऊ दे.

१४ जून, रविवार

आज न कळवता दुपारी गेले आणि चिलर उघडला. खालचे दोन कप्पे प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेले. चिरलेली फरसबी, गाजर, दुधी, प्रत्येक पिशवीत सोललेला लसूण, दोन मिरच्या, कढीपत्त्याची काडी. एका खोलीला पुरेल एवढी भाजी. तीन दिरहम, म्हणजे एकोणचाळीस रुपये.

"हे कोण करतं?"

"एक मानूस येतो दुपारी. बसतो. आत्ता लसून आनायला गेलाय."

"त्याचं लेबर कार्ड आहे तुमच्या दुकानाचं?"

"पगार नाय घेत, मॅडम. नुसता बसतो. चांगल्या घरचा हाय."

मी म्हटलं, जहूरभाई, नुसता बसतो असं इन्स्पेक्टरला सांगणार का? दुसऱ्याच्या व्हिसावरचा माणूस सापडला तर पन्नास हजार दिरहम दंड, साडेसहा लाख. शिवाय चिरलेल्या भाजीला वेगळी परवानगी लागते, टेबल लागतं, सिंक लागतो. जीवनसत्त्वं जातात ती वेगळीच. अनुदानाच्या कागदावर "न चिरलेला ताजा माल" असं लिहिलंय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, एका मजल्यावर मानसं साठ, शेगड्या चार. बस सात वाजता येते. अंघोळीला लाइन, शेगडीला लाइन. साडेनवाला पानी जातं. पहाटे चारला परत उठायचं. भाजी निवडनार कधी, चिरनार कधी? खायची कुनाला नको हाय?"

मला हे माहीत नव्हतं. तीन महिने जातेय, पण कॅम्पच्या आत बायकांना सोडत नाहीत आणि मी कुणाला विचारलंही नाही. तरी म्हटलं, मी समजू शकते, पण नियम आहे. त्यांनी माझ्यासमोर पिशव्या काढून क्रेटमध्ये टाकल्या. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

येताना टॅक्सीत मान टेकवून डोळे मिटले. ड्रायव्हर विचारत होता, मॅडम, तबियत ठीक है?

५ जुलै, रविवार

शेचाळीस डिग्री. भाजीचा खप पुन्हा एप्रिलच्या जागी आला. दुसरं पोस्टर लावलं, मोठ्या अक्षरांचं.

सुरेश पुन्हा सोफ्यावर. तीन आठवडे झाले, कुठेही जात नाही. टीव्हीचा आवाज बंद. शेवटी मी विचारलंच, "त्या ओळखीच्यांचं काय झालं?"

"बंद झालं. त्यांना वरून नकार आला."

म्हणजे तेही गेलं. वर बसलेल्यांना काय कळतं, एका सहीने घर कसं विस्कटतं ते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मलाच हात काढून घ्यावासा वाटला. किती दिवसांनी नीट पाहिलं त्याने माझ्याकडे.

साठ माणसं आणि चार शेगड्या. भात लावताना तेच आठवतं. चार शेगड्यांवर साठ.

२३ जुलै, गुरुवार

सविस्तर लिहायचंय, पण हात चालत नाही.

मी गेले पंधरा दिवस नगरपालिकेच्या खाद्य विभागात खेपा घालत होते. तिथला माणूस भला होता. वेगळं स्टीलचं टेबल, सिंक, हातमोजे आणि हेल्थ कार्ड असलेला दुकानाचा माणूस असेल तर भाजी चिरून विकायला परवानगी मिळते म्हणाला. राणियाकडे गेले. तिसऱ्या पोस्टरचे पैसे टेबलाला द्या म्हटलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली. ही बातमी जहूरभाईंना तोंडाने सांगायची म्हणून आज ऑफिसातून टॅक्सीने थेट गेले. सुरेशला सांगितलं नव्हतं. सकाळी मी निघाले तेव्हा तो घरीच होता.

दुकानाबाहेर आमची गाडी.

मागच्या खोलीला पडदा होता, तो सारला. सुरेश उलट्या क्रेटवर बसला होता, पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर लसणाचा ढीग. चष्मा नाकाच्या टोकावर. मला पाहून उठला नाही.

"इथे काय करतोस?"

"लसूण सोलतोय. चिरायची बंदी आहे. सोलायची नाही." मग म्हणाला, "आजच आलो. घरात राहवेना."

जहूरभाई पडदा ओढून बाहेर गेले. माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं. अंगठा, गवार, ओळखीचे. आणि "वरून नकार आला". ते वर म्हणजे मी.

"मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? तुझ्याच दुकानात भाजी निवडतो? तुझी नोकरी गेली असती." लसूण सोलणं चालूच होतं. "बाबाजी एकदा म्हणाला, कोण चिरून देईल तर आम्ही रोज खाऊ. मी म्हटलं, मी मोकळाच आहे."

"मला वाटलं मुलाखती चालल्यात. मी नारळ बोललेय, सुरेश."

"तीन वर्षं खपून जे शेड्यूल केलं ते एका मेलने गेलं, विभा. इथे साडेसातला पिशव्या संपायच्या. रोज संपायच्या. शेवटची माणसं रिकाम्या हाताने जाऊ नयेत म्हणून मी वेग वाढवत होतो. सोळा मिनिटांत एक क्रेट."

मला राग आला होता. दंड, व्हिसा, त्याला पकडून नेलं असतं तर. ते सगळं बोलले. आवाज बाहेर जात होता. तो सोलत राहिला. मग मी दुसऱ्या क्रेटवर बसले आणि समोर होता म्हणून एक लसूण घेतला. टेबलाचं सांगितलं. त्याचे हात पहिल्यांदा थांबले.

"कुठल्या मापाचं?" त्याने विचारलं.

२३ ऑगस्ट, रविवार

घरी दीड दिवसाचा गणपती, बाहेर रमजान. टेबल बसून दोन आठवडे झाले. चिरायला जहूरभाईंचा पुतण्या मुश्ताक आहे, त्याचं हेल्थ कार्ड झालं. सुरेशने सुरीला हात लावायचा नाही, अशी मी शपथ घातलीय. तो काउंटरच्या बाहेर खुर्चीवर बसतो, गिऱ्हाइकासारखा. पण खोल्यांचा तक्ता त्याने केलाय, ग्राफ पेपरवर. कुठल्या मजल्यावर कुठल्या दिवशी पालेभाजी, कुठे दुधी, कुणाची शिफ्ट कधी सुटते, रोजेवाल्यांच्या पिशव्या इफ्तारच्या आधी. टॉवरचं शेड्यूल लावावं तसं. माणसं जाता-येता "प्लॅनवाले साब" म्हणून हाक मारतात.

रिपोर्टमध्ये त्याचं नाव कुठे नाही. खप मेपेक्षा वर गेलाय.

बाबाजीने आज विचारलं, "ताई, त्या चित्रावर लिवलाहा काय? माका वाचूक येणा नाय." मी सांगितलं, भाजी खा असं लिहिलंय. "ता आमका ठावक होता," तो म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात.

१८ ऑक्टोबर, रविवार

राणियाच्या ऑफिसात प्रेझेंटेशनची तयारी. तिची पहिली ओळ: पोस्टरमुळे जागृती, जागृतीमुळे खप. मी म्हटलं, पोस्टरचा काही संबंध नाही. माणसांना वेळ नव्हता आणि शेगड्या नव्हत्या, भाजी चिरून मिळाली म्हणून ते खायला लागले.

तिने दार लावलं आणि गोडीत म्हणाली, "हबीबती, शेगड्यांचं लिहिलं की कॅम्पच्या मालकाला प्रश्न जाणार. तो बँकेचा ग्राहक आहे. पोस्टर कुणाला दुखवत नाही."

मी भांडले नाही. इथे लिहून ठेवते की भांडले नाही. तिने सांगितलं तसं टाइप केलं, दोन ठिकाणचं व्याकरणही सुधारलं. निघताना ती म्हणाली, पुढच्या वर्षीसाठी निधी मंजूर झालेला नाही. नोव्हेंबरात खलास. तिचंही कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंतच आहे, हे तिने जिन्यात सांगितलं.

घरी आले तर सुरेशच्या हातात पत्र. रजेची आता कायमची रजा झाली. व्हिसा रद्द झाल्यापासून तीस दिवसांत देश सोडायचा. ईश्वरीने विचारलं, "सो पुणे? इन द मिडल ऑफ टेन्थ?" सुरेश हो म्हणाला. ती खोलीत गेली, दार आपटलं नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

कॅम्प रिकामा झाला.

कॉन्ट्रॅक्टरचं काम थांबलं, एवढंच कळलं. सकाळी सांगितलं आणि दुपारी बसेस लागल्या. कुणाला दुसऱ्या कॅम्पात, कुणाला थेट एअरपोर्टला. जहूरभाईंचा फोन आला तेव्हा आम्ही कपाटं आवरत होतो. तसेच निघालो.

बाबाजी फाटकाशी उभा होता, एक बॅग आणि दोरीने बांधलेलं ब्लँकेट. सुरेशचा हात हातात घेतला आणि सोडेना. "साहेब, तुमचो तक्तो मी काढून घेतलंय भिंतीवरसून. रागावू नका." सुरेशने त्याची बॅग बसमध्ये चढवून दिली. बस सुटली. धूळ खाली बसेपर्यंत जहूरभाई आणि आम्ही दोघं तिथेच.

दुकानात आलो तर टेबलाशी मुश्ताक हात बांधून उभा आणि चिलर भरलेला. आजच्या चिरलेल्या सगळ्या पिशव्या. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"भरपाईचे दिवस संपले ना, मॅडम?" जहूरभाईंनी विचारलं.

"सप्टेंबरातच."

"मग घेऊन जा. उद्या बघवनार नाय मला." चिलरचं काय करणार, असं मी विचारलं. "पानी ठेवीन. दुसरा कॅम्प येईल, नाय तर मी खेडला जाईन. चिलर नेता येईल काय बोटीतून?" असं म्हणून ते हसायला लागले आणि मग उगाच गल्ला पुसत बसले.

पिशव्या डिकीत भरल्या, मागच्या सीटवरही. वाटेत सुरेश म्हणाला, "एवढं कुणाला देणार?"

मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या व्हिलात सहा कुटुंबं, सहा दारं. सगळी नोकरदार माणसं. नऊ वर्षं राहतोय, दिवाळीला फराळाची ताटं फिरतात, बाकी जाता-येता हाय-हॅलो. खालच्या मजल्यावर निखिल आणि शुभ्रा, दोन लहान मुलं, तो कुठल्याशा प्रॉपर्टी कंपनीत आहे. मी त्यांची बेल वाजवली. कौतुक म्हणून एक पिशवी देऊ, एवढाच विचार.

शुभ्राने दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, "अगं, चिरलेली भाजी आहे, ताजी आहे. एक घेतेस का?"

तिने पिशवीकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, किती देता येतील?"

मला कळायला थोडा वेळ लागला. निखिलची गाडी गेले कित्येक दिवस सकाळीही जागेवरच असायची. मी रोज तिच्याच शेजारून टॅक्सी पकडायला जात होते.

मी सुरेशला हाक मारली. तो दोन्ही हातांत मावतील तेवढ्या पिशव्या घेऊन आला. त्याने "लसूण आतच आहे, फोडणी तेवढी घालायची" असं तिला सांगितलं. मग आम्ही पुढच्या दाराची बेल वाजवली. त्यानंतर त्याच्या पुढच्या. कुणी एक घेतली, कुणी नको नको म्हणत तीन. चौथ्या दारातल्या नर्सच्या नवऱ्याने पैसे काढले, सुरेशने त्याची मूठ मिटून ठेवली. ईश्वरी जिन्यात येऊन उभी राहिली होती. थोड्या वेळाने तिनेही पिशव्या उचलल्या.

आठ वाजेपर्यंत गाडी रिकामी झाली. घरात आल्यावर लक्षात आलं, आपल्यासाठी एकही ठेवली नाही. बटाट्याचा रस्सा केला. कांदा सुरेशने चिरला, अगदी बारीक, एकसारखा.